कळसूत्री बाहुल्यांचे विष्णुदास

स्मरणिकेसाठी लेख हवा, विषय तुम्हीच ठरवा, असा निरोप आला तेव्हा साहजिकच आपल्या गुरुजनांची नावे आधी मनात आली. पण त्यांच्यावर माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी अशा एका गृहस्थांवर लिहायचे ठरवले, जे आपल्या शाळेत कधी आले नाहीत आणि ज्यांना जाऊन आता सव्वाशे वर्षे होत आली. तरीही त्यांची माझी ओळख शाळेतच झाली, आणि ती झाली पिंगुळीच्या बाहुल्यांमुळे.

आमच्या वेळी शाळेच्या हॉलमध्ये पिंगुळीच्या ठाकर मंडळींचा कळसूत्री बाहुल्यांचा खेळ झाला होता. आमच्या तुकडीतल्यांना तो आठवत असेल. खेळ रामायणातला होता. संपल्यावर टाळ्या वाजवायच्या सोडून आम्ही पोरांनी पडद्यामागे धाव घेतली. तिथे मघाशी गर्जना करणारा रावण सीतेच्या शेजारीच पेटाऱ्यात निजवला जात होता आणि त्याच्या दोऱ्या एक म्हातारे गृहस्थ बोटाला गुंडाळून घेत होते. रावणाचे वजन केवढे असेल याची मला फार उत्सुकता होती. त्यांनी तो माझ्या हातात दिला. नारळाच्या करवंटीहून थोडा जास्त भरला असेल.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला सरांनी धडा बाजूला ठेवला आणि विष्णुदास भाव्यांची हकीकत सांगितली. पुस्तकात त्यांच्याविषयी एक ओळ होती : मराठी रंगभूमीचे जनक, नाटक सीतास्वयंवर, साल १८४३. परीक्षेला तेवढे पुरे होते. सरांनी त्या ओळीत नसलेली एक गोष्ट सांगितली. ती म्हणजे हे जनक बाहुल्या करणारेही होते. त्यानंतर मिळेल तिथे मी त्यांच्याविषयी वाचत गेलो. त्यातले जे पक्के वाटले ते इथे मांडतो.

विष्णु अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमाराचा. वडील अमृतराव हे सांगलीच्या पटवर्धन सरकारांच्या पदरी लष्करात होते. सांगली तेव्हा नवे संस्थान होते. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन १८०१ साली मिरजेहून वेगळे झाले, कृष्णेच्या काठी सांगलीला त्यांनी राजधानी केली आणि गणपतीचे देऊळ उभारले. गाव वसत होते. कारागीर, कीर्तनकार, गवई, पहिलवान अशा सगळ्यांना तिथे यावेसे वाटेल असा दरबार होता. अशा गावात विष्णूचे बालपण गेले.

अभ्यासात त्यांचे लक्ष नव्हते, हे सगळेच चरित्रकार सांगतात. पण हात स्वस्थ बसत नसत. मातीची चित्रे करावीत, लाकूड कोरावे, गोष्टी रचून त्या चारचौघांत रंगवून सांगाव्यात, हा त्यांचा नाद. चित्र हा शब्द जुन्या मराठीत आजच्यासारखा फक्त कागदावरच्या रंगांपुरता नव्हता, घडवलेल्या मूर्तीलाही चित्रच म्हणत. त्या काळी मुलाच्या अशा नादाला घरात उनाडकी म्हणण्याची पद्धत होती आणि भाव्यांच्या घरीही काही वेगळे घडले असेल असे वाटत नाही. पण सांगलीकर सरकारांना या पोराचे हात दिसले होते. पुढे त्यांना जो हुकूम झाला तो या कीर्तीवरच.

१८४२ च्या सुमारास उत्तर कानडा जिल्ह्यातून भागवत खेळणाऱ्यांची एक मंडळी सांगलीला आली. होन्नावरजवळच्या कर्की गावचे हे लोक. म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर दक्षिणेला गोवा, कारवार ओलांडून गेले की जो मुलूख लागतो तिथले. त्यांचा खेळ यक्षगानाच्या वळणाचा. भागवताने गायचे, पात्रांनी मुकुट घालून नाचायचे, राक्षसांनी आरोळ्या ठोकायच्या. चिंतामणरावांनी तो पाहिला. त्यांना कल्पना आवडली, पण त्यातला ओबडधोबडपणा रुचला नाही. असेच खेळ आपल्या भाषेत, अधिक सुधारून करता येतील काय, असे त्यांच्या मनात आले आणि ते काम त्यांनी पंचविशीच्या आतल्या विष्णूवर सोपवले.

आता इथे आपल्या वाचकांनी क्षणभर थांबून आपल्या गावच्या जत्रेतला धयकालो डोळ्यांपुढे आणावा. आधी गणपती येतो, मग रिद्धी-सिद्धी, मग मोरावर बसून सरस्वती. नाईक पखवाज-झांजांच्या साथीला गातो. संकासुर येऊन हसवतो. मग आख्यान लागते, राजे-राक्षस आपापली भाषणे जागच्या जागी रचतात, कोणाच्या हातात लिहिलेला कागद नसतो, आणि पहाटे दहीहंडी फुटते. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर यांचे खेळ रात्र-रात्र पाहून वाढलेल्या माणसाला विष्णुदासांच्या पहिल्या नाटकाचे वर्णन वाचताना मुळीच परके वाटत नाही. कर्कीचे यक्षगान आणि आपला दशावतार हे एकाच किनाऱ्यावरचे सोयरे आहेत. घाटावरच्या नाट्येतिहासात या सोयरिकीची नोंद असते, पण ओझरती. आपण कोकणी माणसांनी ती जरा मोठ्याने सांगायला हरकत नाही. मराठी नाटकाचे बीज सांगलीत रुजले खरे, पण ते आले समुद्राकडून, घाट चढून.

काम सोपे नव्हते. समोर नमुना फक्त त्या भागवत मंडळींचा. नट तयार नाहीत, पोशाख नाहीत, नाटकात काम करणे हे प्रतिष्ठित घरच्या मुलाने करायचे काम नव्हे अशी लोकांची समजूत. स्त्रियांच्या भूमिकांना मुलगे हवेत, आणि ते देणार कोण? विष्णुदासांनी सगळे स्वतः केले. पदे रचली, चाली बसवल्या, मुलांना उभे राहायला, चालायला, बोलायला शिकवले. सोंगांचे साहित्यही हाताखालून गेले. मातीची आणि लाकडाची चित्रे करण्यात गेलेली वर्षे इथे उपयोगी पडली असणार. राजाश्रय असल्यामुळे पैशाची आणि लोकांच्या बोलण्याची धास्ती काही काळ तरी नव्हती.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत सीतास्वयंवराचा प्रयोग झाला. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. पहिलेपणाच्या मानाबद्दल मात्र एक खुलासा करायला हवा. तंजावरच्या भोसले राजांनी सतराव्या शतकाच्या शेवटापासून मराठीत नाटके लिहिली होती. ती तिकडे दरबारात राहिली, पोथ्यांत राहिली आणि महाराष्ट्राला त्यांचा पत्ता फार उशिरा लागला. विष्णुदासांना तंजावरची काही खबर नव्हती. त्यांच्यापासून मात्र पुढची परंपरा अखंड चालू झाली, म्हणून जनक हा शब्द त्यांनाच शोभतो. पहिला कोण यापेक्षा ज्याच्या मागून लोक आले तो कोण, हे मला महत्त्वाचे वाटते.

प्रयोगाची रचना अशी असे. सूत्रधार आणि त्याच्या मागे झील धरणारे उभे राहत. मंगलाचरण होई. अंगाला पाला बांधलेला विदूषक नाचत येई आणि सूत्रधाराशी त्याची थट्टामस्करी चाले. मग गणपतीचे आवाहन, गणपतीचा आशीर्वाद, सरस्वतीचे मोरावरून आगमन आणि नृत्य. हे झाले की आख्यान सुरू. सूत्रधार पदे गाऊन कथा पुढे नेई. कोण आले, का आले, काय बोलले, हे सगळे पदांतून तोच सांगे. पात्रे त्या गाण्याबरोबर हावभाव करत आणि गाणे थांबले की त्याच अर्थाचे चार शब्द स्वतःच्या पदरचे बोलत. राक्षस तलवारी परजत, अललडुर्र करून आरोळ्या मारत आणि थयथयाट करत. पुढच्या पिढीने या नाटकांना तागडथोम म्हणून हिणवले, ते यातल्या तालामुळे आणि नाचामुळे.

हे वर्णन मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला शाळेतला तो पडदा आठवतो. एक माणूस सगळ्यांच्या वतीने गातो, बोलतो, आणि बाकीचे त्याच्या आवाजावर हालतात. हा बाहुल्यांचाच खेळ आहे. फक्त दोऱ्या दिसत नाहीत आणि बाहुल्यांच्या ठिकाणी माणसे आहेत. सूत्रधार या शब्दातच दोरी आहे. नाटकाचा सूत्रधार हा मुळात बाहुल्यांचे सूत धरणारा, असे एका जर्मन पंडिताने मांडले होते. त्यावर विद्वानांत वाद आहेत. सूत्र म्हणजे गवंड्याची मोजायची दोरी असेही काही म्हणतात. संस्कृत नाटकाचे काय असेल ते असो, विष्णुदासांच्या बाबतीत मला शंका वाटत नाही. चित्रे घडवणाऱ्या आणि त्यांच्याकडून गोष्ट करून घेणाऱ्या माणसाने जेव्हा माणसांचे नाटक बसवले, तेव्हा त्याने तीच रीत वापरली. गोष्ट त्याच्या ताब्यात, आवाज त्याच्या ताब्यात, आणि नटाने देह द्यायचा. याला कोणी उणेपणा म्हणेल. नटाला स्वतःचे बोलणे मिळायला पुढची चाळीस वर्षे लागली हे खरेच आहे. पण न शिकलेल्या, रंगमंच कधी न पाहिलेल्या मुलांना घेऊन दुसऱ्या कुठल्या रीतीने त्या नोव्हेंबरात नाटक उभे राहिले असते, ते मला तरी सुचत नाही.

बाहुली मराठी मुलखाला नवी नव्हतीच. ज्ञानेश्वरीत सायखडे हा शब्द येतो, त्याचा अर्थ कळसूत्री बाहुले. दोरी हलवणारा दिसत नाही आणि बाहुले मात्र आपणच नाचतो अशा ऐटीत असते, हा दाखला देण्याचा मोह संतांना आणि कीर्तनकारांना नेहमी पडत आला. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना तो दाखला समजावून सांगावा लागत नव्हता. खेळ त्यांनी पाहिलेला होता. विष्णुदासांच्या हातात जी कला होती ती इतकी जुनी होती. नवे होते ते तिच्याकडून त्यांनी करून घेतलेले काम.

लाकडी बाहुल्या त्यांनी स्वतः घडवल्या. कळसूत्री बाहुली करणे म्हणजे देव्हाऱ्यातली मूर्ती कोरणे नव्हे. मूर्ती स्थिर राहायची असते, बाहुली पडायची असते. तिचा प्रत्येक सांधा सैल हवा, पण इतका सैल नको की हात उचलला तर मान लुळी पडेल. डोके जड झाले तर चाल बिघडते, हलके झाले तर ती वाऱ्यावर डुलते. दोरी कुठे बांधायची, खांद्याला की कोपराला, यावर ती नमस्कार करणार की चपराक मारणार हे ठरते. पिंगुळीच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी रावण माझ्या हातात दिला तेव्हा मी एक दोरी ओढली आणि त्याचा गुडघा वर आला. मला हात उचलायचा होता. ते हसले. ही चूक दुरुस्त व्हायला किती वर्षे जातात हे त्यांना ठाऊक होते. असे हात विष्णुदासांचे होते, आणि त्यांच्यासंबंधीच्या लिखाणात ही बाजू दोन-तीन वाक्यांत संपते याचे मला नेहमी वाईट वाटते.

सीतास्वयंवर आवडले. चिंतामणरावांच्या इच्छेने रामायणातल्या आणखी आख्यानांची नाटके झाली. सात-आठ वर्षे बरी गेली. १८५१ साली चिंतामणराव वारले. गादीवर आले ते वारस लहान वयाचे, कारभार इतरांच्या हाती, आणि नाटकासारख्या गोष्टीवर खर्च करायला कोणाचे मन होईना. विष्णुदासांच्या डोक्यावर कर्ज होते, मंडळीतल्या माणसांची पोटे होती. राजाच्या शब्दावर ज्याने तारुण्य या कामात घातले त्याला राजा गेल्यावर कोणी विचारत नाही, ही हकीकत आपल्याकडच्या कलावंतांना नवीन नाही. पिंगुळीच्या ठाकरांनाही सावंतवाडीच्या भोसल्यांचा आश्रय होता. कोणत्या देवळात कोणत्या घराने खेळ करायचा हे ठरलेले होते. संस्थान गेले, देवळांच्या नेमणुका विस्कटल्या, आणि कलेवर पोट भरेना तेव्हा कितीतरी घरांनी पोथ्या बासनात बांधून मोलमजुरी धरली.

विष्णुदासांनी बासन बांधले नाही. ते गावोगाव निघाले. राजाच्या वाड्यातले नाटक त्यांनी रस्त्यावर आणले, आणि माझ्या मते हे त्यांचे सीतास्वयंवराहूनही मोठे काम आहे. बैलगाड्यांवर सामान, सोबत मुलगे, गवई, झील धरणारे, आणि पुढे कोण खेळ बघणार याचा भरवसा नाही. ते पुण्याला गेले आणि तिथून मुंबईला. १८५३ साली ते मुंबईत पोचले तेव्हा बोरीबंदर ते ठाणे आगगाडी अजून सुरू व्हायची होती. ती त्याच वर्षी १६ एप्रिलला धावली. ग्रँट रोडवर नाना शंकरशेटांच्या प्रयत्नाने उभे राहिलेले एक नाट्यगृह होते. तिथे इंग्रजी नाटके होत. त्याच रंगमंचावर सांगलीच्या मंडळीने तिकिटे लावून मराठी नाटक केले. दरबारात पान-सुपारी आणि बिदागी, आणि इथे दारावर पैसे मोजून आत येणारा प्रेक्षक. दरबारी नट एका रात्रीत धंदेवाईक झाला तो इथे.

मुंबईत त्यांच्या पाठीशी जी सुशिक्षित मंडळी उभी राहिली त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. भाऊ दाजी मूळचे पेडणे महालातले. म्हणजे इथेही आपल्या बाजूचा एक माणूस सापडतो. प्रेक्षकांत गुजराती, पारशी, इंग्रज असे सगळेच असत आणि मराठी सगळ्यांना कळत नसे. तेव्हा विष्णुदासांनी राजा गोपीचंदाचे नाटक हिंदुस्थानीतून करून दाखवले. सांगलीहून आलेला एक मराठी माणूस मुंबईत हिंदी नाटक करतो, तेही १८५७ च्या आधी, याचे आज नवल वाटते. त्यांना ते वाटले नसावे. बाहुल्या करणाऱ्याला भाषेची अडचण सगळ्यात कमी. त्याचे अर्धे बोलणे हातांनी होते.

दहा-अकरा वर्षे त्यांचे हे फिरणे चालले. मग त्यांच्यासारख्याच मंडळ्या उभ्या राहिल्या. इचलकरंजीकर, आळतेकर, कोल्हापूरकर अशी नावे त्या काळच्या हकीकतींत येतात. काहींनी त्यांच्याच रीतीने, त्यांच्याच आख्यानांसारखी नाटके करून धंदा नेला. कोणत्याही कलेत हे घडते. पहिला माणूस वाट पाडतो आणि तिच्यावरून गाड्या दुसऱ्यांच्या जातात. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांनी थोरले माधवराव पेशवे हे नाटक लिहिले, सगळी भाषणे कागदावर उतरवून, आणि कॉलेजात शिकलेल्या प्रेक्षकाची चव बदलू लागली. त्याच सुमारास विष्णुदासांनी मंडळी बंद केली आणि ते सांगलीला परतले.

तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या थोडे पुढे. ते वारले ९ ऑगस्ट १९०१ ला. म्हणजे नाटकाचा खटाटोप वीस वर्षांच्या आत संपला आणि त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षे ते सांगलीत राहिले. चरित्रे या चाळीस वर्षांवरून भरभर पुढे जातात. मला त्यांतच रस वाटतो. १८८० च्या ३१ ऑक्टोबरला अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल पुण्यात रंगमंचावर आले. त्यात नट स्वतः गाऊ लागले, स्वतः बोलू लागले, सूत्रधार पहिल्या प्रवेशानंतर आत निघून जाऊ लागला. सगळा महाराष्ट्र त्या गाण्यांनी भारून गेला. ज्यांनी सूत्रधाराला रात्रभर उभे ठेवून सगळे सुरू केले ते साठीचे गृहस्थ तेव्हा सांगलीत होते. जुन्या तागडथोम नाटकांची टिंगल त्यांच्या कानांवर येत असेलच.

१८८५ साली त्यांनी नाट्यकवितासंग्रह छापला. आख्यानांची पदे त्यात आली, आणि आपण हे काम कसे केले याची हकीकतही त्यांनी स्वतः लिहून ठेवली. आज आपल्याला सीतास्वयंवराबद्दल जे माहीत आहे त्यातले बरेचसे या पुस्तकामुळे. नाहीतर जागच्या जागी रचलेली भाषणे ज्या वाऱ्यावर बोलली गेली त्या वाऱ्याबरोबर गेलीच होती. त्यांनी हे पुस्तक काढले नसते तर पहिलेपणाचा मान कोणाला गेला असता ते सांगता येत नाही. हे लिहिताना त्यांच्या मनात थोडी खंत असेल आणि थोडा हिशोब चुकता करण्याची इच्छाही. दोन्ही रास्त होत्या.

आणि बाहुल्या राहिल्या. नट मोठे झाले, पांगले, वारले. पोशाख फाटले. चिंतामणरावांसमोर सीता झालेल्या मुलाचा चेहरा आज कोणी सांगू शकत नाही. पण विष्णुदासांच्या लाकडी बाहुल्या टिकल्या. एका घराण्याने त्या पिढ्यान् पिढ्या जपल्या. लाकूड वाळले, रंग गेले, दोऱ्या कुजल्या, तरी फेकून कोणी दिल्या नाहीत. जुन्या सामानाची रद्दी काढताना आपल्या घरांतून काय काय जाते हे ज्याला माहीत आहे त्याला या जपणुकीची किंमत कळेल.

पुढे त्या रामदास पाध्ये यांच्याकडे आल्या. पाध्यांचे नाव आपल्या मुलाबाळांनाही ठाऊक आहे, अर्धवटरावांमुळे आणि झपाटलेला चित्रपटातल्या तात्या विंचूमुळे. अर्धवटराव ही त्यांचे वडील प्रा. यशवंत केशव पाध्ये यांची निर्मिती, १९१६ च्या सुमाराची. म्हणजे बोलक्या बाहुल्यांचे हे घराणेही आता शंभरी ओलांडून गेले आहे. रामदासांनी विष्णुदासांच्या बाहुल्या दुरुस्त केल्या आणि त्यांच्याकडून सीतास्वयंवराचा खेळ करून दाखवला. दीडशे वर्षांपूर्वीच्या सांध्यात नवी दोरी ओवली आणि रामाचा हात धनुष्याकडे गेला. ज्या माणसाने तो सांधा कोरला त्याचा हात आपल्याला याहून जवळून पाहायला मिळणार नाही. पुतळे आणि तैलचित्रे आहेत, सांगलीला आणि वाशीला त्यांच्या नावाची नाट्यगृहे आहेत, दर ५ नोव्हेंबरला सांगलीत एखाद्या ज्येष्ठ रंगकर्मीला त्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते. हे सगळे हवेच. पण त्यांच्या बोटांची खूण आहे ती त्या लाकडात.

आता पुन्हा आपल्या बाजूला येतो. पिंगुळीला ठाकरांच्या वाडीत चित्रकथीच्या जुन्या पोथ्या आहेत, कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत ज्यांचा खेळ पांढऱ्या पडद्यामागे दिवा लावून करतात. चित्रकथीत एकेक चित्र उचलून पुढे धरायचे आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने गाऊन गोष्ट सांगायची. म्हणजे इथेही एकच माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतो. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले. ठाकर आदिवासी कला आंगण त्याचे नाव, सुरू झाले २००६ साली. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या जिल्ह्यात पेढे वाटले गेले. त्याआधी किती वर्षे त्या घराने गुरे, पोट आणि बाहुल्या एकाच छपराखाली सांभाळल्या, ते पेढे खाताना आपल्यापैकी फार थोड्यांच्या लक्षात आले असेल. माझ्याही आले नव्हते.

मी काही वर्षांपूर्वी पुन्हा तिथे गेलो. आता मुलगे खेळ करतात, परदेशी पाहुणे येतात, शाळांच्या सहली येतात. एका सहलीतल्या मुलीच्या हातात बाहुली दिली होती. तिने दोरी ओढली आणि राजाचा गुडघा वर आला. तिला हात उचलायचा होता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. शिकवणाऱ्याने तिचे बोट धरून पुढच्या दोरीवर ठेवले.

मेळाव्याला बाहेरगावाहून येणाऱ्या मित्रांना एवढेच सांगणे की परतीच्या गाडीला वेळ असेल तर कुडाळ स्टेशनच्या आधी पिंगुळीला उतरा. गावातून कोणीही वाट दाखवील. आणि जाताना मुलांना बरोबर न्या, कारण बाहुल्या हातात देतात त्या मुलांच्याच आधी.